भिंतीकडे तोंड करून टांगलेला फळा

माझा आवाज जरा दबका येत असेल, कारण माझं तोंड भिंतीकडे आहे. मी फळा आहे, आणि तोही सरकारी. कोल्हारच्या अलीकडे प्रवरेकाठी जे आमचं गाव आहे, तिथल्या सरकारी धान्य दुकानाचा.

जन्मलो मात्र मिशनच्या शाळेत. आमोस सुतारानं आंब्याच्या फळ्या जोडल्या आणि कोळशाची पूड घोटून दोन्ही अंगांनी मला काळं केलं. एका बाजूला गणित, दुसऱ्या बाजूला अक्षरं. शाळेच्या हन्नाबाई दोन्ही बाजू सारख्याच मायेनं पुसायच्या. सुखात होतो.

मग लढाई आली आणि मोजून धान्य द्यायची पद्धत आली. वरून हुकूम सुटला, गावासाठी धान्य आलं की फळ्यावर लिहून दुकानाबाहेर लावा. दुकानाचे कारकून गोरक्षनाथ शाळेत आले आणि मला उचलून घेऊन गेले. फुकट मिळालं की सरकारला काहीही चालतं.

या गृहस्थांचं डोकं सांगतो. ज्वारी आली, ती मागच्या खोलीत गेली, आणि तिथून ओळखीच्यांच्या बैलगाड्यांत जायला लागली. फळ्यावर खोटं लिहावं तर नोकरी जाईल, खरं लिहावं तर गाड्या थांबतील. मग या शहाण्यानं खरं लिहिलं आणि ते भिंतीला दाखवलं. मला उलटं टांगलं आणि वर मिशीवरून हात फिरवला. असली अक्कल चांगल्या कामाला लागल्याचं मी कधी पाहिलं नाही.

गाव यायचं, रिकाम्या पिशव्या घेऊन परत जायचं. कडूबाईच्या घरी तर पोरं नुसता उकडलेला पाला खाऊन निजत होती. हन्नाबाई तिच्या शेजारच्या. त्या तडक दुकानात आल्या.

"भाऊसाहेब, फळा सरळ करा. आम्हाला वाचायचंय."

"फळा सरकारी हाय बाई. सरकारी वस्तूला हात लावायचा न्हाई."

"तुम्ही लावा हात. तुम्ही सरकारीच आहात ना?"

"तसा हुकूम न्हाई."

"मग नाही म्हणताय ते लिहून द्या."

नाही म्हणताना गोरक्षनाथांची जीभ कशी सुरीसारखी चालत होती! लिहायचं म्हटल्यावर मात्र पान खायची तलफ आली.

बाईंनी तालुक्याला अर्ज केला. चौकशीला एक साहेब आले. चहा प्यायले, माझा खिळा हलवून पाहिला, आणि फळा पक्का लावलेला आहे, तक्रारीत तथ्य नाही, असा शेरा मारून निघून गेले. जरा मान वाकडी केली असती तर दिसलं असतं हो! पण साहेबांची मान फक्त वरिष्ठांपुढेच वाकते.

बाई थकल्या नाहीत. बायकांना अक्षरओळख करून द्यायचा त्यांचा वर्ग देवळामागे भरायचा, तो त्यांनी दुकानासमोर आणला. माझी पाठ काळी होतीच. तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'ज्वारी आली का?' बायका मांडी घालून बसल्या आणि मिशनच्या रिवाजाप्रमाणे एका सुरात मोठ्यानं घोकू लागल्या. ज्वारी आली का. ज्वारी आली का. गोरक्षनाथ पुसायचे, बाई पुन्हा लिहायच्या. रस्त्यानं जाणारे थांबायचे आणि तेही विचारायचे. कारकुनाला दुपारची झोप लागेना, याचं मला फार बरं वाटलं.

एके दिवशी त्यांचा तोल सुटला. "ह्यो फळाच नगं!" म्हणत त्यांनी मला खिळ्यावरून उपसलं आणि अंगणात दाणकन आपटलं. रागात माणसाला वरची बाजू कुठली, खालची कुठली, भान राहत नाही. मी आभाळाकडे तोंड करून पडलो.

सगळ्यात पुढे कडूबाई बसली होती. तिला उभ्या जन्मात तीनच शब्द वाचता यायचे, आणि ते तिला याच माणसाच्या दारात शिकवले गेले होते. ती वाकली. माझ्यावर बोट ठेवलं.

"ज्वारी," ती म्हणाली. मग थांबली. "आली." तिनं पुन्हा वाचलं. "बाई, हितं 'का' न्हाई वो. हितं नुसतं 'ज्वारी आली' हाय!"

मग बायका उठल्या त्या थेट मागच्या खोलीच्या दाराशी जाऊन बसल्या आणि कुलूप निघेपर्यंत हलल्या नाहीत. निम्मी ज्वारी गेलेलीच होती, तरी त्या संध्याकाळी कडूबाईच्या चुलीवर भाकरी भाजली गेली.

गोरक्षनाथांना शिक्षा झाली असं वाटत असेल, तर तुम्ही सरकार पाहिलेलं नाही. त्यांची बदली झाली, मोठ्या गोदामावर. नवे कारकून आले. त्यांनी खिळा बदलला आणि मला टांगलं. कसं, ते सुरुवातीलाच सांगितलं.

पण आता दर बाजारच्या दिवशी कडूबाई येते. कुणाला विचारत नाही. पदरानं माझी धूळ पुसते, मला सरळ करते, बाईंच्या वर्गात पुढे शिकलेलं एकेक अक्षर लावून वाचते. आतून कारकून ओरडतो, "ए, सरकारी वस्तूला हात लावू नको!"

"मंग लावनार कोन?" ती म्हणते, आणि पुढची ओळ वाचते.

माझं एवढंच मागणं आहे. भिंतीकडे तोंड केलेला फळा दिसला, तर हात लावा.