उतारमहाराजांचा लाल डोळा

किन्हीराजाहून वाशीमकडे निघालेली गाडी उताराच्या माथ्यावर थांबली, की आसपासच्या शेतांतली माणसं हातातलं काम टाकून धावत यायची. बघण्यासारखंच होतं ते. त्या माथ्यावर बसणारे उतारमहाराज ड्रायव्हरला वहाणा काढायला लावत आणि ब्रेकचं पायडल अनवाणी पायानं दाबायला सांगत. दर दाबाला देवीचं एक नाव. दोन भक्त गाडीमागे घोंगडी धरून अंधार करत आणि बाकीचे त्यात डोकी घालत. कधीकधी पहिल्या नावाला काही नाही, दुसऱ्यालाही नाही. मग कुठल्यातरी नावाला मागचा लाल दिवा पेटे आणि बायका कानशिलावर बोटं मोडत. देवीनं डोळा उघडला होता. गाडी खुशाल खाली जावी.

महाराज पूर्वी ट्रकवर क्लीनर होते. हे ते लपवत नसत, उलट देवीनं आपल्याला ग्रीसमधून उचललं असं सांगत. आशीर्वाद घेऊन खाली पोचलेला प्रत्येक ड्रायव्हर त्यांची साक्ष द्यायला तयार होता. मागच्या वर्षी एक ट्रक नाल्यात गेला, पण त्याच्या ड्रायव्हरनं मनातून वहाण काढली नव्हती, असा खुलासा महाराजांनी नंतर केला. त्या ड्रायव्हरला विचारण्याची सोय उरली नव्हती.

१९७५ च्या मार्चमधल्या एका सकाळी जगदेवची जीप त्या माथ्यावर आली. जीपमध्ये मॅट्रिकच्या मुली होत्या. अकरा वाजता वाशीमला त्यांचा पेपर होता. जगदेवची मुलगी गंगू त्यांच्यातच होती, आणि सोबत होत्या विज्ञान शिकवणाऱ्या अंजनाबाई.

"बाई, सपाटीवरच पायडल खाली चाललं व्हतं," जगदेव हळूच म्हणाला. "महाराजाइले दाखवून घेतो. दोन मिनिटं."

महाराजांचं प्रवचन आधीच सुरू झालं होतं. "सायन्स सायन्स करतेत लोकं. सायन्सनं गाडी पयते, मान्य हाय. पण थांबवते कोन? माय थांबवते. जगदेव, काढ वहाणा."

जगदेवनं पाय मारायला सुरुवात केली. सहाव्या नावाला दिवा पेटला. "सोड पाय," महाराज लगेच म्हणाले. "झालं काम."

अंजनाबाई हे सगळं बाजूला उभ्या राहून बघत होत्या. दिवा पेटला की महाराज क्षणभरही पाय ठेवू देत नाहीत, हे त्यांच्या लक्षात आलं.

"जगदेवभाऊ, पुन्हा एकदा दाबा. दिवा पेटला की पाय उचलू नका. दाबूनच ठेवा."

जगदेवनं पुन्हा पाय मारले. दिवा पेटला, थोडा वेळ राहिला आणि गेला. जगदेवचा पाय तळाशी टेकला होता.

गर्दीत कुजबुज झाली. महाराजांनी डोळे मिटले. "अविश्वासाची सावली पडली."

"मास्तरीणबाई हात जोडत नाहीत, मंग काय होईन?" गोजराबाई म्हणाली. ती रोज सकाळी इथं हजर असणारी म्हातारी होती, आणि घोंगडीतली पहिली जागा तिची असे. "त्या बौद्धाच्या. त्याइचं अलग असते."

"असू द्या," अंजनाबाई शांतपणे म्हणाल्या. "माझी सावली नको ना? मी त्या पळसापलीकडे जाऊन पाठ फिरवून उभी राहते. पाय महाराजांचा असू द्या. त्यांच्या श्रद्धेत तर खोट नाही."

यात नाही म्हणण्यासारखं काहीच नव्हतं. महाराज काही म्हणायच्या आत भक्तांनीच त्यांना मोठ्या प्रेमानं ड्रायव्हरच्या जागेवर बसवलं. अंजनाबाई पळसापलीकडे गेल्या. महाराजांनी भराभर नावं घेतली. दिवा पेटला. जयजयकार झाला आणि महाराजांनी पाय उचलला.

"पाय कायले उचलला, महाराज?" घोंगडीतून गोजराबाईचा आवाज आला. "धरून ठेवा ना."

महाराजांनी पुन्हा पाय मारले आणि पाय धरून ठेवला.

"पेटला," गोजराबाई म्हणाली. मग थोड्या वेळानं, "इझला. महाराज, मास्तरीण तं तिकडं हाय. आता कोनाची सावली पडली?"

महाराज पुन्हा पाय मारू लागले.

"पेटला. इझला. देवीले झोप येऊन राह्यली काय वं?"

मुली हसल्या. मग दोघं-तिघं शेतकरीही हसले, आणि घोंगडी धरणाऱ्यांनी घोंगडी खाली ठेवली.

अंजनाबाई परत आल्या आणि जगदेवला मागच्या चाकांच्या आतल्या बाजूला हात लावून बघायला सांगितलं. तो गाडीखाली सरकला. बाहेर आला तेव्हा त्याची बोटं तेलानं ओली होती.

"पंधरा दिवसापासून ब्रेक ऑइल टाकून राह्यलो," तो म्हणाला. "मले वाटे, आटते."

"आटत नाही. चाकापाशी गळतं आहे. पायानं दिलेला जोर नळीतलं तेल चाकापर्यंत नेतं. तेल कमी झालं, नळीत हवा शिरली, की पहिले दाब ती हवा दाबण्यातच जातात. भराभर पाय मारले की जोर येतो आणि पाय धरून ठेवला की तो गळतीतून जातो. मागचा दिवाही या तेलाच्या दाबानंच पेटतो. नावं घेतलीत की पाढे म्हटलेत, त्याला फरक पडत नाही."

महाराज खाली उतरले होते. "पोरीइचा पेपर बुडन, बाई. पाय मारत मारत उतरू द्या. इतके लोक उतरले."

जगदेवनं अंजनाबाईंकडे पाहिलं. महाराजांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. इतके लोक उतरले होते.

"बाबा, पेपर," गंगू म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"वळणावर समोरून बैलगाडी आली, तर पाय कितीदा मारायला वेळ मिळेल?" अंजनाबाईंनी विचारलं.

जगदेवनं दोन धोंडे आणून चाकांना लावले आणि गंगूचं दप्तर खांद्याला अडकवलं. "उतरा पोरीहो. फाट्यावर एस.टी. भेटन. चाला पटपट."

मुली परीक्षेला उशिरा पोचल्या. आत बसू दिलं, पण गंगूचा शेवटचा प्रश्न राहिला. ती घरी येऊन रडली, बापाशी दोन दिवस बोलली नाही. वाशीमच्या मिस्त्रीनं माथ्यावर येऊन चाकातले फाटलेले रबरी वायसर बदलले, नळीतली हवा काढली, आणि पहिल्याच दाबाला पायडल घट्ट लागलं. या वेळी वहाणा कोणी काढल्या नाहीत. महाराज पुढं दुसऱ्या तालुक्यातल्या एका उतारावर गेल्याचं ऐकलं. उतार पुष्कळ आहेत.

म्हणून एवढंच सांगणं. पायडल दाबून धरा. ते खाली जात असेल, तर मिस्त्री येईपर्यंत गाडी जागेवर राहू द्या. काल पोचलो म्हणून आजही पोचू, हा पुरावा नव्हे, कारण जे पोचले नाहीत ते सांगायला येत नाहीत. नाव कोणाचं घ्यावं हे ज्यानं त्यानं ठरवावं. पण ज्या गाडीत पोरी बसणार आहेत, तिची परीक्षा सपाटीवरच घ्यावी.