अर्धा घाव फुकट

मित्रांनो, आधी दोन पावलं मागे सरा. मी एक जुना घण आहे, वजन सात किलो. मी हललो की कोणाचं तरी काहीतरी फुटतं.

एका लोहाराने मला घडवलं. लालबुंद होईपर्यंत तापवलं आणि ऐरणीवर आडवा करून मनसोक्त बडवलं. मार खाऊनच मी मारायला शिकलो. पुढे घरं पाडायची कामं घेणाऱ्या एकाने मला विकत घेतलं. घरात सगळे त्याला दादा म्हणत, म्हणून मीही म्हणतो. कामाच्या आदल्या दिवशी दादा मला पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवी. पाण्याने दांड्याचं लाकूड फुगतं आणि माझं डोकं घट्ट धरून ठेवतं. "याला पाणी पाजलं नाही, तर हा आपलंच रक्त पिईल," असं तो म्हणे. मला त्याचा फार अभिमान वाटे.

मग भिंती पाडायला यंत्रं आली. मला गंज चढला आणि दादा घरी बसला. तेव्हा त्याच्या धाकट्या भावाने एक वेबसाइट काढली. दादाने वस्तू फोडायच्या आणि लोकांनी वर्गणी भरून ते पाहायचं. जाहिरातीची युक्तीही धाकट्याचीच. फुकटच्या चित्रफितीत दादा मला डोक्यावर उचलतो आणि चित्र तिथेच थांबतं. खाली अक्षरं येतात, 'घाव पाहायचाय? सभासद व्हा!' काय फोडायचं, ते दर आठवड्याला सभासद मतं देऊन ठरवत.

खोटं कशाला बोलू, मला मजा आली. टीव्ही फोडले, आरसे फोडले, वॉशिंग मशीनच्या पोटात शिरून तिची आतडी बाहेर काढली. लोक माझी वाहवा करत आणि मी फुशारून जाई. पण काचेवर त्यांचं भागेना. त्यांनी कपड्यांच्या दुकानातले पुतळे मागितले. धाकट्याने पुतळ्यांत लाल रंगाच्या पिशव्या भरल्या. मी एकेकाची कवटी फोडली, छाती चेचली, भिंतीवर लाल चिळकांड्या उडवल्या. सभासद दुप्पट झाले. दादाची बायको, म्हणजे आमची वहिनी, ती भिंत पुसत होती.

"रंगच आहे, माहितीये मला," ती म्हणाली. "तरी पुसवत नाही हो."

दादाने तिच्या हातातलं फडकं घेतलं आणि उरलेली भिंत पुसली.

पुढे सभासद वाढेनात, म्हणून नवी जाहिरात करायचं ठरलं. ओला दांडा धाकट्याला खपेना. त्याने दांड्याला व्हार्निश फासलं आणि तीन दिवस मला तापलेल्या दिव्यांखाली ठेवून फोटो काढले. लाकूड सुकून आकसलं. माझं डोकं सैल झाल्याचं मला कळत होतं, पण घणाला कोण विचारतो?

दादाने मला हातात घेतलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "आधी पाणी पाजू याला."

"अरे, सगळी चमक जाईल! एकच तर घाव आहे, दादा."

दादाने त्याचं ऐकलं.

मी वर गेलो. खाली येताना दांडा दादाच्या हातात राहिला आणि माझं डोकं निसटून सरळ कॅमेऱ्याकडे गेलं. कॅमेऱ्यामागे धाकटा एक पाय उभा करून बसला होता. वीट, काच, लाकूड, सगळ्यांचे फुटण्याचे आवाज मला पाठ होते. गुडघ्याचा मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. धाकटा गुरासारखा ओरडला. या वेळी लाल रंगाची पिशवी कुठेच नव्हती. मी त्या रक्तात पडून राहिलो आणि कॅमेरा चालूच होता.

पाय परत वाकणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. प्लास्टर घालून धाकटा घरी आला आणि आल्या आल्या म्हणाला, "दादा, ती चित्रफीत टाक. मारायच्या आधी थांबव, पुढचं सभासदांना."

"वेड लागलंय का तुला?"

"पाय तर गेलाच ना? निदान फुकट तरी जायला नको."

दादाने रडत रडत ती टाकली. दोन दिवसांत इतके सभासद झाले, की आजवर कधी झाले नव्हते. मग मतं आली. धाकटा फोनवर वाचता वाचता हसला आणि मध्येच त्याने फोन उशीखाली सारला. वहिनीने फोन ओढून घेतला. काय फोडावं, यात सर्वांत जास्त मतं होती 'दुसरा गुडघा' याला.

"थट्टा करतायत," धाकटा म्हणाला. "थट्टाच आहे ती." आणि त्याने पांघरूण ओढून धड असलेला पाय झाकला.

दादा ताडकन उठला. मला भंगारात फेकायला निघाला. वहिनी दारात आडवी आली.

"त्याला कशाला फेकताय? मत त्याने दिलं का?"

मित्रांनो, हत्याराची निगा राखा, दांडा भिजवा, हे मी सांगणारच. पण लोखंडाला दुसऱ्याचं दुखणं कळत नाही, तुम्हाला कळतं. धाकट्याचं औषधपाणी वर्गणीवरच चालतं, म्हणून दादाला वेबसाइट बंद करता येत नाही. दर आठवड्याला मतांची यादी येते, आणि दर आठवड्याला धाकटा ती आधी स्वतः वाचतो. त्याला काही द्यायचंच असेल, तर औषधाचे पैसे द्या. मत देऊ नका.