चौथा रकाना

मोरेश्वररावांनी पिशवी शेजारच्या खुर्चीवर ठेवली, खडू उचलला आणि फळ्यावर चार रकाने पाडले. सिंगापूर, जपान, कोरिया. चौथ्यावर ‘आपण’ लिहून तो ऐटीत रिकामा सोडला.

पांढुर्ण्याच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची पंधरा-वीस मुलं बसली होती. आजचं व्याख्यान पसंत पडलं, तर दर रविवारी सौंसरहून त्यांनाच बोलवायचं ठरलं होतं. सरकारी कचेरीतून निवृत्त झाल्यावर त्यांना कुणी ‘साहेब’ म्हणत नसे. आज सकाळपासून सातदा म्हटलं गेलं होतं.

“प्रशासन सुधारायला सिंगापूरनं पगार भरपूर दिला आणि खाणाऱ्याला धरलं. जपाननं निवृत्त अधिकाऱ्यांना मागल्या दारानं मिळणाऱ्या नोकऱ्यांना लगाम घातला.” हे वाक्य त्यांनी जरा घाईत उरकलं. “आणि कोरियात, सोल शहरात, अर्ज कोणत्या टेबलावर अडला ते लोकांना घरबसल्या दिसू लागलं!”

दाराशी एक माणूस डबा घेऊन उभा होता. व्याख्यान ठरवणारी प्रज्ञा हळूच म्हणाली,

“बाबा, बसा ना.”

“या काका, बसा,” मोरेश्वररावांनी मोठेपणानं हात केला.

“राहू द्या साहेब. तुमच्यासमोर उभं रायची सवय आहे मले.”

मुलं हसली. मोरेश्वररावांनी मात्र आवाज ओळखला. गुलाब. लेकीच्या जातीच्या दाखल्यासाठी मजुरी बुडवून अकरा फेऱ्या. कचेरीत त्यांच्या टेबलापुढं एक खुर्ची असे आणि तिच्यावर फायलींचा गठ्ठा. सगळ्या निकाली निघालेल्या. कुणी बसू नये, एवढंच त्या फायलींचं काम.

“बाबा तुमचं नाव नेहमी घेते सर,” प्रज्ञा कौतुकानं म्हणाली. “तुमच्या कचेरीतून दाखला घेऊन आले अन् म्हणाले, पोरीले साहेबच बनवतो.”

गुलाबनं डबा या हातातून त्या हातात घेतला आणि नजर खाली वळवली. फेऱ्यांचं त्यानं पोरीला सांगितलंच नव्हतं.

मोरेश्वररावांनी पिशवी उचलून जमिनीवर ठेवली. खुर्ची रुमालानं पुसली, दाराशी नेऊन मांडली आणि परत येऊन चौथ्या रकान्यात एकच शब्द लिहिला. खुर्ची.

मुलांनी तो इमानेइतबारे वहीत उतरवून घेतला.

“सर, हे थोडं समजावून सांगा ना,” प्रज्ञा म्हणाली.

मोरेश्वरराव फळ्याकडेच तोंड करून उभे राहिले, मागं खुर्ची करकरते का ते ऐकत.