जोडी क्रमांक एकशे अठरा

इस्पितळाच्या तळमजल्यावर नोंदणी विभागाच्या दोन खोल्या होत्या आणि त्यांच्या मधलं दार बारा वर्षं कुलपात होतं. अलीकडे ताई बसायची, पलीकडे चष्मेवाली. कॅन्सर आधीच शोधून काढणाऱ्या तपासणीचा खरंच किती उपयोग होतो, हे पाहण्यासाठी चारशे बायका निवडल्या होत्या, आणि वय, मुलंबाळं, घराण्यातली दुखणी जुळवून त्यांच्या दोनशे जोड्या लावल्या होत्या. चिठ्ठी टाकून जोडीतल्या एकीला दरवर्षी छातीच्या तपासणीला बोलवायचं, दुसरीला नाही, आणि दोघींचं पुढे काय होतं ते लिहीत राहायचं. बोलावलेल्यांचं रजिस्टर ताईकडे, न बोलावलेल्यांचं चष्मेवालीकडे. एकीने दुसरीच्या रजिस्टरात डोकावायचं नाही, असा आकडेवाल्या सरांचा कडक नियम. दोघी डबा एकत्र खायच्या, नवऱ्यांच्या कागाळ्या करायच्या, पण रजिस्टरबद्दल चकार शब्द काढायच्या नाहीत.

बारा वर्षं भरली आणि सरांनी दार उघडलं. दोन्ही रजिस्टरं एका टेबलावर आली. चष्मेवाली वाचायची, ताई मोठ्या तक्त्यात उतरवायची.

"जोडी नऊ. माझी गेली, अकरा मार्च."

ताईने आपल्या रजिस्टरात पाहिलं. तिचीही अकरा मार्चलाच गेली होती.

"योगायोग बघ," चष्मेवाली म्हणाली. "पुढची, जोडी बावीस. दोन ऑगस्ट."

ताईकडेही दोन ऑगस्ट. साल तेच.

"अगं, तू माझ्याच ओळीत बघून लिहितेयस. चष्मा मला आणि आंधळी तू!"

दोघी हसल्या. जोडी एकतीसला हसू कमी झालं. जोडी चाळीसला चष्मेवालीने वाचणं थांबवलं, पाणी प्यायली आणि म्हणाली, "आता तू आधी वाच." ताईने वाचलं. चष्मेवालीने नुसती मान हलवली. संध्याकाळपर्यंत दोनशेतल्या अडतीस जोड्या मिटलेल्या निघाल्या, आणि प्रत्येक जोडीतल्या दोघी एकाच दिवशी गेलेल्या; एकटी गेलेली एकही नव्हती. एकीचा आजार तपासणीत चार वर्षं आधी सापडला होता, दुसरीला गाठ हाताला लागल्यावर कळला होता. कुणी आजाराने गेली होती, तर तिची जोडीदारीण रस्ता ओलांडताना. तारीख मात्र एकच.

सरांना वाटलं, दोघींनी उतरवताना घोळ घातला. त्यांनी मृत्यूचे मूळ दाखले मागवले, स्वतः दोन दिवस बसून ताडून पाहिले. मग पेन्सिल खाली ठेवली.

"नोंदी बरोबर आहेत," ते म्हणाले. "दोन्ही गटांत मृत्यू सारखेच. म्हणजे तपासणीने आजार लवकर कळतो, पण आयुष्याचे दिवस काही वाढत नाहीत. निष्कर्ष अगदी स्वच्छ आहे."

"सर, पण तारखा..."

"मी गटाची बेरीज मोजतो, ताई. एकेका माणसाचं मोजायचं नसतं."

घरी जाताना ताईच्या डोक्यात स्वतःचीच जोडी होती. बारा वर्षांपूर्वी चारशेचा आकडा भरेना, तेव्हा विभागातल्या बायकांनीही नावं दिली होती. ताईनेही दिलं होतं, हौसेने. दरवर्षी ती तपासून घ्यायची, दरवर्षी सगळं ठीक निघायचं, आणि स्वतःच्याच अक्षरात ती स्वतःच्या नावापुढे 'निरोगी' असं लिहायची. तिची जोडी एकशे अठरा. आणि तारखा जुळवल्या त्या दिवशी चष्मेवालीने त्या ओळीवर बोट ठेवून, वर न पाहता वाचलं होतं: "शिवणकाम करते. एकटीच राहते. वसंतात गाठ सापडली. उपचार चालू."

दुसऱ्या दिवशी ती सरांकडे गेली. "माझं नाव काढून टाका सर. मला नाही राहायचं यात."

सर मवाळपणे हसले. "तुम्ही तपासणीला येणं सोडलंत तरी चालेल. पण ज्या गटात नाव पडलं, त्याच गटात शेवटपर्यंत मोजायचं असतं. निघून गेलेल्यांना वगळलं, तर हिशेबच खोटा होतो. एकदा जोडी लागली की लागली."

मग ताई त्या शिवणकाम करणाऱ्या बाईचा पत्ता घेऊन निघाली. दोन जिने, उजवीकडचं दार, दाराशी शिलाई यंत्राचा आवाज. बाई किडकिडीत, डोक्याला रुमाल, दंडावर सुईचे निळे डाग.

"इस्पितळातून आले. चौकशीला," ताई म्हणाली.

"बारा वर्षांत तुमच्याकडून कधी कुणी जिना चढलं नाही," शिवणकामवाली म्हणाली, "आणि आता चौकशी? या, बसा. ती खुर्ची नको, तिच्यात टाचण्या आहेत."

त्यानंतर ताई रोज जाऊ लागली. सूप न्यायची, गोळ्या मोजून द्यायची, इंजेक्शनच्या दिवशी सोबत रांगेत उभी राहायची. घरी नवरा म्हणायचा, "सख्ख्या बहिणीचं तरी केलंस का इतकं?" ती डब्यात सूप भरत राहायची. रस्ता ओलांडताना आपण दोघींसाठी जपून चालतोय, हे तिला कळायचं. शिवणकामवालीला खोकला आला की ताई छातीला हात लावून बसायची. कधी कधी तिला या बाईचा फार राग यायचा. मग ती उठून खिडकी लावून घ्यायची, तिला वारं लागू नये म्हणून.

पानगळ सुरू झाली तेव्हा शिवणकामवालीने गोळ्यांची पुडी हळूच बाजूला सारली.

"पुरे झालं, ताई. डॉक्टरांनाही सांगितलंय. दुखतं फार, आणि चव कशालाच नाही."

"असं नका बोलू. अजून एक महिना तरी घ्या."

"कुणासाठी?"

'माझ्यासाठी', हे ताईच्या तोंडाशी आलं होतं. तिने पुडी उचलून पुन्हा बाईच्या पुढ्यात ठेवली.

"तुम्ही फार केलंत माझं," शिवणकामवाली म्हणाली. "तुमच्यासाठी एक झगा शिवते. तो झाला की यंत्रावर कापड घालीन आणि पडून राहीन."

ताईने हट्टाने अस्तर लावायला सांगितलं. मग खिसे. मग गळ्याला वेगळी पट्टी. बाही घट्ट म्हणाली, ती उसवून झाली. मग सैल म्हणाली, तीही झाली. आरशात झगा अंगाला इतका नेमका बसला होता, की जणू त्या बाईने स्वतःच्याच मापाने बेतला असावा. शेवटी एके दिवशी ताई आली तेव्हा खालची दुमड फक्त वीतभर उरली होती. शिवणकामवाली चहाचं पाणी ठेवायला आत गेली, तेवढ्यात ताईने टेबलावरची कात्री उचलली आणि आपल्या पिशवीत तळाशी घातली.

बाई बाहेर आली, खिडकीच्या उजेडात बसली. टाके एकापुढे एक पडत गेले. शेवटचा टाका घालून तिने गाठ मारली आणि कात्रीसाठी टेबल चाचपलं. कापडाखाली, मांडीखाली, खुर्चीच्या फटीत.

"इथंच तर होती," ती म्हणाली.

"शोधू या की सावकाश," ताई म्हणाली. "घाई काय आहे?"

शिवणकामवालीने तिच्याकडे क्षणभर पाहिलं, मग त्या पिशवीकडे.

"राहू दे," ती समजुतीने म्हणाली, आणि दोरा दातांशी नेला.