मावशीला सांगितलेला शेवट

कवळ्या बनवायच्या त्या छोट्या कारखान्यात सहा माणसं कामाला होती. त्यातल्या पाच जणांना सिनेमा, मालिका, गाणी यांबद्दल फारसं मत नव्हतं आणि सहाव्याकडे ते साऱ्या गावाला पुरून उरेल इतकं होतं. म्हणून त्याला सगळे ‘रसिकराज’ म्हणत. त्या नावात कौतुक चिमूटभर, बाकी सगळा टोमणा. मेणात दात बसवता बसवता तो बोलायला लागला की शेजारच्या टेबलावरचा माणूस मुद्दाम घासायचं यंत्र सुरू करी.

रसिकराजाची मतं मात्र हवेतली नव्हती. हल्लीचे गायक त्याला आवडत नसत, आणि का, तेही तो सांगे. म्हणे, आपण कवळी करतो तेव्हा सगळे दात एका रेषेत बसवत नाही. एखादा दात केसभर वाकडा ठेवतो, तेव्हा कुठे ते तोंड खरं दिसतं. हे लोक यंत्रात घालून आवाजाला इस्त्री करतात, एक सुरकुती ठेवत नाहीत, मग तो गळा कुणाचा तेच कळत नाही. नव्या सिनेमांवर त्याचा राग असा, की त्यांत उजेडच नसतो. सगळं अंधारात घडतं आणि माणसं पुटपुटत मरतात. तीन भागांत संपणारी गोष्ट तीस भाग ताणणाऱ्यांना तर तो तोंडभर शिव्या देई. कारखान्यात कुणी ऐकत नसे, पण त्याचं त्याला वाईट वाटत नसे. ऐकणारं माणूस घरी होतं.

घरी म्हणजे त्याच्या नव्हे, दोन मजले खाली. रसिकराज पंचेचाळिशीचा, एकटा. एका ठिकाणी लग्न जवळजवळ ठरलं होतं. पण तो मुलीला घेऊन सिनेमाला गेला आणि मध्यंतरापासून शेवटपर्यंत तिला पटकथेतल्या चुका सांगत बसला. दुसऱ्या दिवशी तिकडून नकार आला. आई गेल्यावर त्याचं जवळचं असं एकच माणूस उरलं, त्याची धाकटी मावशी. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. नुसत्या ‘हॅलो’वरून समोरचा माणूस जेवलाय की उपाशी आहे ते ओळखायची म्हणत. सहा वर्षांपूर्वी तिचे डोळे अधू होत गेले आणि शेवटी खिडकी कुठे आहे एवढंच कळण्यापुरता उजेड राहिला.

तेव्हापासून रोज संध्याकाळी सात वाजता रसिकराज खाली उतरे. दोघं जेवायला बसत आणि टीव्ही लागे. बोलणं मावशीला ऐकू येई, बोलण्याच्या मधलं तो सांगे. “आता ती उठली. पदराने हात पुसतेय. त्याच्याकडे बघत नाहीये.” सांगता सांगता मतंही घुसत. “ही बाई सहा महिने एकाच तोंडाने रडतेय,” असं तो म्हणाला की मावशी खुदकन हसे. एखादा काळोखा सिनेमा लागला की तो म्हणे, “मावशी, आज आपण दोघं सारखेच. मलाही काही दिसत नाहीये.” यावर तर तिला ठसका लागे. त्या दोन तासांसाठी रसिकराज दिवसभर डोळे उघडे ठेवून जगत असे म्हटलं तरी चालेल.

त्या वर्षी दोघांचा जीव एका मालिकेत अडकला होता. माणसांना नदीपार नेणारी मोटारबोट चालवणारा एक बाप आणि त्याच्याशी भांडून घर सोडून गेलेली मुलगी. तीन वर्षं ती मालिका चालू होती आणि रसिकराजाच्या मते गेल्या दहा वर्षांत पडद्यावर याहून चांगलं काही आलं नव्हतं. त्यात कुणी विनाकारण किंचाळत नसे. बाप एकटाच भांडी घासतो असा एक अख्खा प्रसंग होता. तो मावशीला सांगताना रसिकराज जेवायचं विसरला होता.

शनिवारी शेवटचा भाग लागला. मुलगी परत येते. बसमधून उतरते, घरासमोरच्या पदपथावर उभी राहते. इथपासून पुढची चार मिनिटं कुणी एक शब्द बोलत नाही, नुसतं संगीत. समोरच्या खिडकीत बाप शर्टाला इस्त्री करत असतो. मुलगी बघत राहते. मग पाठ फिरवते आणि आलेल्या वाटेने निघून जाते. संपलं.

रसिकराजाला ते सोसवेना. माणसाला तीन वर्षं चालवत दारापर्यंत आणायचं आणि तिथून परत पाठवायचं, याला तो कला म्हणायला तयार नव्हता. मुलगी वळताना त्याला दिसली, त्याच वेळी मावशीने हात पुढे करून त्याचं मनगट धरलं आणि विचारलं, “काय करतेय रे ती?”

“रस्ता ओलांडतेय,” तो म्हणाला.

एकदा बोलून गेल्यावर मागे येणं नव्हतं. त्याने तिला रस्ता ओलांडू दिला. बापाला खिडकीतून ती दिसली. इस्त्री तशीच उभी ठेवून तो दाराकडे आला. दार उघडलं तेव्हा त्याच्या हातात तो गरम शर्ट होता, आणि काय करावं न कळून त्याने तो मुलीच्या हातात दिला. तिने तो छातीशी धरला. संगीत थांबलं तसा रसिकराजही थांबला. मावशीने त्याचं मनगट सोडलं. मग म्हणाली, “किती छान शेवट केला त्यांनी.” त्याने हो म्हटलं. वर आला तेव्हा त्याला लबाडी केल्यासारखं अजिबात वाटत नव्हतं. एक चूक दुरुस्त केली, एवढंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीने त्याला बोलावून घेतलं आणि एक नंबर लावायला सांगितला. नंबर तिला पाठ होता. तो थोरल्या मावशीचा होता.

दोघी बहिणींमध्ये अकरा वर्षं अबोला होता. त्यांची आई अंथरुणावर होती तेव्हा धाकटी एकटी सगळं करत होती. थोरली परगावाहून आली ती अगदी शेवटी, आणि आल्या आल्या चार माणसांत म्हणाली, “तुला डोळे आहेत की नाही? आईची ही अवस्था दिसली नाही तुला?” धाकटीने त्या दिवसापासून तिचं नाव टाकलं. पुढे खरंच डोळे गेले तेव्हा थोरलीला नातेवाइकांकडून कळलं, पण आपलेच शब्द आठवून तिचीही फोन करायची छाती झाली नाही. रसिकराजाची आई मधली, ती होती तोवर दोघींचे निरोप इकडून तिकडे पोचवत राहिली. ती गेल्यावर तेही बंद झालं.

त्याने नंबर लावून फोन मावशीच्या हातात दिला. पलीकडून ‘हॅलो’ आलं आणि मावशीचा चेहरा पार उतरला. “ताई, म्हातारी झालीस गं,” ती म्हणाली. त्यानंतर दोघी नुसत्या रडल्या. रसिकराज खिडकीपाशी जाऊन रस्ता बघत उभा राहिला. हळूहळू बोलणं सुरू झालं. गुडघे, औषधं, थोरल्या मावशीच्या यजमानांचं जाणं, तिचं ते रिकामं झालेलं घर. मग मावशी म्हणाली, “खरं सांगू? काल एक मालिका संपली. ती मुलगी शेवटी दारात गेली बघ, आणि मला वाटलं, आपणच का बसलोय?”

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. मावशी म्हणाली, “हो, तीच. बोटवाल्याची.” मग ती ऐकत राहिली. ऐकता ऐकता तिने मान वळवली आणि रसिकराज जिथे उभा होता, नेमकी त्या दिशेला तोंड केलं. थोरली मावशीही तीच मालिका बघत होती हे त्याला कुठून माहीत असणार?

मावशी फोनवर एवढंच म्हणाली, “असं होय. माझी काहीतरी गल्लत झाली असेल.” पुढे अर्धा तास दोघी बोलल्या. फोन ठेवल्यावर तिने त्याला समोर बसायला सांगितलं.

“रस्ता ओलांडलाच नाही तिने,” ती म्हणाली.

त्याने आपली बाजू मांडायला सुरुवात केली. तो शेवट चुकीचा होता, त्या बापाचा स्वभाव बघता तो दाराशी गेल्याशिवाय राहिलाच नसता, लिहिणाऱ्याने आळस केला, वगैरे. मावशीने सगळं ऐकून घेतलं.

“तुझा शेवट चांगला असेल,” ती म्हणाली. “पण मी तुझा विचारला नव्हता. काल तुझा आवाज बदलला होता, तो मला कळला. मला वाटलं, तुला रडू येतंय.”

त्याने विचारलं, खरा शेवट सांगितला असता तर आज तिने फोन लावला असता का.

मावशीने बराच विचार केला. खोटं बोलणं तिच्या स्वभावात नव्हतं. “नसता लावला,” ती म्हणाली. “म्हणून तर तुला रागवायचं की काय करायचं, तेच मला समजत नाहीये.”

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवसापासून तो नेहमीसारखा सात वाजता जाऊ लागला, पण त्याने एखादं वाक्य सांगितलं की मावशी मध्येच विचारी, “खरंच?” त्यात खोच नव्हती, तिला नकळत तोंडून जात असे. तो म्हणे, “खरंच गं.” आठवड्याभरात त्याच्या सांगण्यातला जीव गेला. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहिल्यासारखं तो मोजून मापून बोले. दार, खुर्ची, माणूस उठला, माणूस बसला. मत द्यायचं धाडस होईना. मावशीही पूर्वीसारखी हसेना. दिवसा मात्र ती थोरलीशी फोनवर तासन्‌तास बोले आणि त्या हसण्याचा आवाज जिन्यापर्यंत येई.

दीड महिन्याने थोरली मावशी स्वतः आली. तिचं घर मोठं, तळमजल्याचं, जिने चढायला नकोत. दोघींनी ठरवून टाकलं होतं. रसिकराजाने सामान बांधायला मदत केली. टीव्ही मावशीने त्याच्यासाठी ठेवला, म्हणाली, तुझ्याकडच्यापेक्षा मोठा आहे, तू घे. टॅक्सीत बसताना तिने त्याचा चेहरा चाचपून बघितला आणि म्हणाली, “जेवत जा वेळेवर.”

रसिकराजाने टीव्ही वर नेला. पहिले काही दिवस तो सात वाजता उठून चपला घालायचा आणि दाराशी जाऊन थांबायचा. मग मुकाट्याने परत येऊन टीव्ही लावायचा. एक नवी मालिका सुरू झाली होती. बरी होती, की बरी नव्हती? त्याला ठरवता येईना. अर्धा भाग झाला की त्याच्या लक्षात यायचं, आपण काहीच बघितलं नाही. कोण उठलं, कुणी कुणाकडे बघितलं, काही आठवत नसे. कुणाला सांगायचं नसलं की डोळे नुसते पडद्यावर पडून राहतात, हे त्याला नवीन होतं.

एका सुटीला तो दुपारच्या खेळाला गेला. सिनेमा उत्तम निघाला. बाहेर पडला तेव्हा त्याच्या मनात त्याबद्दल एक मत तयार होतं, चांगलं, नेटकं, विनोदासकट. ते घेऊन तो बसथांब्यावर उभा राहिला. शेजारी उभ्या असलेल्या बाईंना वेळ विचारली. त्यांनी वेळ सांगितली. कारखान्यात सोमवारी त्याने विषय काढला नाही. शेजारच्या टेबलावरचा माणूस यंत्रावर हात ठेवून वाट बघत होता. शेवटी त्यानेच विचारलं, “काय रसिकराज, हल्ली काही बघत नाही वाटतं?” तो म्हणाला, कामाचा ढीग आहे.

तीन महिन्यांनी तो मावशीला भेटायला गेला. बसने चार तास. दोघींनी त्याचं फार केलं, दोनदा वाढलं. जेवणं झाली आणि थोरली मावशी म्हणाली, आमची मालिका लागेल आता, तूही बस. दोघी सोफ्यावर बसल्या आणि तो मागच्या खुर्चीवर.

थोरलीचं सांगणं म्हणजे सगळा आनंद होता. “आता तो आला. कोण गं हा? तो मागचा नव्हे, दुसरा.” चष्मा कपाळावर, लक्ष विणकामात. पडद्यावरच्या बाईने कागद घडी करून ब्लाउजमध्ये लपवला तर ती म्हणाली, काहीतरी शिवतेय बाई. “शिवतेय कशाला? तिच्या तर लग्नाचं चाललंय,” मावशी म्हणाली. “मग लग्नाचंच काहीतरी शिवत असेल,” थोरलीने सांगितलं, आणि दोघी इतक्या हसल्या की पुढचा प्रसंग हुकलाच. मावशीने एकदाही ‘खरंच?’ विचारलं नाही.

रसिकराजाला सगळं दिसत होतं. कागद कसला, तो कुणी दिला, देताना त्या माणसाच्या ओठाचा कोपरा कसा हलला. जिभेच्या टोकावर वाक्यं येत होती, ती तो गिळत होता. ती सांगितली असती तर मावशीला मालिका कळली असती, यात शंका नाही. पण मग सोफ्यावरचं ते हसणं थांबलं असतं. तो हात मांडीखाली दाबून बसून राहिला.

जाहिराती लागल्या तेव्हा मावशीने मान किंचित मागे वळवली. “तू आहेस ना रे? गप्प का इतका?”

“बघतोय, मावशी,” तो म्हणाला.

तिने थोडा वेळ कान दिला. फोनवरच्या माणसाला ओळखायला देत असे, तसा. मग म्हणाली, “पाठीमागे कशाला बसलास, पुढे ये. ताई, सरक जरा.” थोरली सरकली. तो दोघींच्या मध्ये जाऊन बसला. जाहिराती संपल्या आणि थोरली पुन्हा चुकीचं सांगू लागली.

साडेचारची बस होती. तो चार वाजता उठला तेव्हा मालिका संपायला दहा मिनिटं उरली होती. दोघींनी पडद्याकडे तोंड ठेवूनच त्याला पोचल्यावर फोन करायला सांगितलं.