पुसलेले हिरवे वर्तुळ

मित्रांनो, मी एक जुने भिंग आहे. बैठक पितळी, आकार मुठीत मावेल एवढा. स्वभावाने मी शांत, पण सध्या माझे डोके फिरले आहे. का, ते ऐकाच.

माझा जन्म सान्तियागोतल्या एका घड्याळजीच्या दुकानात झाला. तिथून एदेलमीरा नावाच्या विशीतल्या मुलीने मला उत्तरेच्या डोंगरावरील वेधशाळेत आणले. त्या काळी आकाशाचे फोटो काचांवर घेत. त्यांत तारे काळ्या ठिपक्यांसारखे उमटत. आकाशाच्या एकाच भागाच्या वेगवेगळ्या दिवशी घेतलेल्या काचा उजेडाच्या टेबलावर मांडून ती माझ्यातून पाहत बसे. एखादा ठिपका लहानमोठा झालेला दिसला की काचेच्या मागच्या बाजूला शाईने त्याच्याभोवती गोल काढी. त्याच्या तेजाचे आकडेही तिथेच लिही.

"अगं, वहीत लिही की!" सोबतचे म्हणत.

"वही हरवते. काच कुठे जाणारे?"

मलाही ते पटायचे. आम्ही दोघेही मूर्ख.

चाळीस वर्षे तिच्या पापण्या मला घासत राहिल्या. ताऱ्यांच्या मंद आणि तेज होण्यावरून त्यांच्या पोटात काय चालते, हे तिने जगाला सांगितले. त्याबद्दल तिला फार मोठा पुरस्कार मिळाला, आणि मीही फुशारलो. पण एक तारा तिच्या गणितात बसत नव्हता. त्याच्याभोवती तिने हिरव्या शाईने गोल काढून पुढे प्रश्नचिन्ह केले होते.

"हा खरा असेल, तर माझं अर्धं चुकलंय," ती पुटपुटली होती. "निवृत्त झाले की आधी याच्याकडे बघीन."

कसले काय! निवृत्तीनंतर भाषणे, मेजवान्या, फिती कापणे सुरू झाले. मला काचेच्या कपाटात बसवून खाली पाटी लावली, 'हात लावू नये'. कामाच्या वस्तूचा याहून मोठा अपमान मला माहीत नाही.

तिच्या पंच्याहत्तरीला वेधशाळेने त्या काचांचे प्रदर्शन भरवायचे ठरवले. राखणदार निबाल्दो भला माणूस. त्याने स्पिरिट आणि फडके घेतले आणि माझ्या डोळ्यांदेखत एकेक काच लख्ख केली. मित्रांनो, मला ओरडता येत नाही.

प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी ती चहाच्या वेळी डोकावली. निबाल्दोने तिच्या हातात अ‍ॅव्होकाडो लावलेला पाव दिला आणि छाती फुगवून म्हणाला, "बघा डॉक्टरबाई, कशा चकाकतायत! डागच डाग होते. तीन आठवडे घासत होतो."

तिचा पाव हातातच राहिला.

"हिरवा डाग कुठल्या काचेवर होता?"

"हिरवे, निळे, लाल, सगळे काढले. एकही ठेवला नाही!"

"गाढव!" ती म्हणाली. निबाल्दोचा चेहरा पडला. "तू नाही रे. मी. ते भिंग काढ."

"किल्ली संचालकांकडे आहे. ते सणाला गावी गेलेत. सोमवारी येतील."

"पंच्याहत्तरीच्या बाईला सोमवार सांगतोस?"

निबाल्दोने लोणी लावायची सुरी घेतली आणि कपाटाचे स्क्रू काढले.

तेव्हापासून तो हिरव्या गोलातला तारा शोधायला आम्ही सगळ्या काचा पुन्हा पहिल्यापासून बघतो आहोत. एकेका काचेवर हजारो ठिपके. तिचा हात थरथरतो, डाव्या डोळ्याने नीट दिसत नाही. ती आकडे सांगते आणि शेजारी बसून निबाल्दो ते वहीत उतरवतो. आता उतरवतो! माझा जळफळाट होतो तो यामुळेच.

म्हणून मित्रांनो, कळकळीने सांगतो, कुठे डाग दिसला तर फडके उचलण्याआधी तो कोणी पाडला आणि का, एवढे विचारा. आणि माझ्यासारख्यांना जपायचे असेल तर कपाटात कोंडू नका, कामाला लावा.

काचा एकूण आठशे बारा आहेत. आज आम्ही सतराव्या काचेवर आहोत.