उकंड्याचं शाळेतलं नाव

"मनकर्णे, तुह्या उकंड्याचं नाव उत्तमराव कधी झालं वं?"

गंगूबाईनं हे वेचणीच्या सगळ्या बायांदेखत विचारलं आणि मनकर्णेच्या ओटीतला कापूस तिच्याच पायावर सांडला.

"कोन म्हनते?"

"तोच सांगून राहिला साऱ्यायले. पंतोजीनं ठेवलं म्हने."

मनकर्णेची तीन लेकरं पाठोपाठ गेली होती. तिघांचीही नावं तिनं हौसेनं देवादिकांची ठेवली होती. चौथा झाला तेव्हा याच गंगूबाईनं, गावची सुईणच ती, नाळ कापल्याबरोबर त्याला उकिरड्यावर नेऊन ठेवलं आणि मनकर्णेनं सूपभर कोंडा देऊन तो विकत घेतला. नाव पडलं उकंडा, म्हणजे उकिरडाच. टाकून दिलेल्या पोराकडं मरण ढुंकूनही बघत नाही, असा वऱ्हाडातल्या आयांचा विश्वास, आणि आजवर मरणानंही तो राखला होता. आता कुणीतरी दिवसाढवळ्या त्याला उत्तमराव म्हणत होतं!

ती वेचणी टाकून निघाली. सातासमुद्रापार कुठं लढाई जुंपली होती म्हणून कापसाला सोन्याचे दिवस आले होते. अमरावती-अकोल्याच्या वाटा गाड्यांनी भरून गेल्या होत्या. अशा दिवसांत वेचणी बुडवणारी बाई वेडीच म्हणायची, पण मनकर्णेला त्याचं भान नव्हतं. मागं एकदा अकोल्याच्या बाजारात उकंड्यानं कापसाच्या बोऱ्यावरचं नाव मोठ्यानं वाचलं, तेव्हा मोठमोठे व्यापारी वळून बघायला लागले होते. तिचा ऊर भरून आला होता, आणि लगेच तिनं पोराला पदराखाली ओढून त्याची दृष्ट काढली होती.

शाळा मारुतीच्या देवळाच्या ओसरीत भरायची. पंतोजी वामनराव पुण्याकडचे, सरळ आणि भित्रे गृहस्थ. दुपारची शाळा नुकतीच भरत होती.

"पंतोजी, माह्या पोराचं नाव कावून बदलवलं?"

"अहो बाई, परवा साहेब तपासणीला आले होते. उकंडा म्हणजे काय, हे कळल्यावर पोट धरून हसले. पोरगा रडकुंडीला आला. मग मीच म्हटलं, याचं खरं नाव उत्तमराव."

"त्याले परत उकंडा करा."

"नाव वर अकोल्याला गेलं. आता बदललं तर म्हणतील, पंतोजी खोटी मुलं दाखवतो. शाळाच उठेल, बाई."

"सरकारनं दवंडी देली होती ना, रयतेच्या हरेक लेकराले शाळा? त्या कायद्यात असं लिवलं हाय का, का नाव बदलवल्याबिगर शिकवू नये?"

वामनरावांनी पागोटं सारखं केलं. "नाही," ते हळूच म्हणाले. "तसं कुठंच लिहिलेलं नाही."

"मंग?"

"मग काय, बाई. मीही घाबरतो."

आता पोराचा हात धरायचा आणि घरी न्यायचं, एवढंच उरलं होतं. तिनं ओसरीत पाय टाकला. उकंडा धुळीच्या पाटीवर अक्षर गिरवत होता. त्यानं वर पाहिलं आणि पाटी दोन्ही हातांनी पोटाशी धरली. सगळी धूळ त्याच्या अंगरख्यावर सांडली.

"माय, मले नेऊ नको."

ती मागं सरली आणि दाराच्या खांबाला टेकून उभी राहिली. वामनरावांनी हजेरी सुरू केली. एकेक पोर ओ देत गेलं. मग त्यांचा आवाज अडखळला.

"उत्तमराव."

उकंड्यानं तोंड उघडलं, पण त्याच्या आधी दारातून आवाज आला.

"हाय जी!"

पोरं खो खो हसली. वामनराव गोंधळले. "बाई, हजेरी मुलानं द्यायची असते."

"ह्या नावाची मीच देईन," मनकर्णा म्हणाली. "नाव आयकून कोनी न्यायले आलं, तं त्यानं मले न्यावं."

वामनरावांनी मान खाली घालून उत्तमरावापुढं हजेरी मांडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी वेचणीतून येऊन ती पुन्हा दारात उभी होती. मग रोजच. पोरं थोडे दिवस हसली, पुढं हसेनाशी झाली. वामनराव ते नाव सगळ्यांत शेवटी घेऊ लागले, आणि घेण्याआधी दाराकडं बघू लागले. एखाद्या दिवशी मनकर्णेला उशीर झाला, तर ती येईपर्यंत सगळी शाळा गप्प बसून राहायची.